झोपेतला हुंकार

आमच्या घरात गोष्ट सांगायचा एक नियम होता. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, बिडकीनकडच्या शेतकरी घरातले. तिकडून शहरात येताना त्यांनी सामान फारसं आणलं नसेल, पण हा नियम मात्र आठवणीनं आणला होता. वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून ते दुपारी घरी येत, जेवून चटईवर आडवे होत आणि मी शेजारी पडून गोष्ट मागे. दर वाक्यामागे माझं ‘हं’ यायलाच हवं. नाही आलं तर गोष्ट तिथंच थांबे आणि ‘झोपली वाटतं’ असं म्हणून तेच झोपून जात. मग मी त्यांना हलवून जागं करी आणि पुढच्या वाक्याला दुप्पट मोठ्यानं हुंकार भरी.

मोठेपणी हे उलटं झालं. मी बोलायचे आणि अण्णा हुंकार द्यायचे.

मागच्या दिवाळीला मी पुण्याहून माहेरी आले ती परत गेलेच नाही. भांडण झालं नव्हतं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, घरी काही कमी नव्हतं. फक्त त्या घरात मला कुणी काही विचारत नसे. सुट्टीत कुठं जायचं ते ठरून माझ्यापर्यंत येई, सोफा बदलायचा हे मला नवा सोफा दारात आल्यावर कळे. मी काही सांगायला लागले की नवरा मोबाइलवरून नजर न काढता ‘बोल ना, ऐकतोय’ म्हणे आणि मी गप्प बसले तरी त्याला पत्ता लागत नसे. काही वर्षांत माझं बोलणंच बंद झालं. शाळेत गणित शिकवताना तेवढा माझा आवाज मला ऐकू यायचा. हे कुणाला सांगावं तर लोक म्हणणार, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी संसार मोडतं का. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटलं.

पुंडलिकनगरात आमचं साधं घर आहे. वरच्या मजल्यावर छोटी गॅलरी, तिच्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि आईनं लावलेला गवती चहा. आई जाऊन काही वर्षं झाली, गवती चहा मात्र कुणी लक्ष न देता फोफावला. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही बापलेक तिथं बसायचो. अण्णा डोळे मिटून ऐकत. त्यांची ती सवयच होती आणि मला ती आवडायची. समोरचा माणूस माझ्याकडे न पाहताही ऐकू शकतो, हे मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी मी गॅलरीत तीळ निवडत होते. निवडता निवडता म्हटलं, “अण्णा, मी आता परत जाणार नाही.”

“हं,” अण्णा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. काय सांगायचं ते मी आधी ठरवलं नव्हतं, त्यामुळं जे आलं ते आलं. सोफ्याचं सांगितलं. एकदा ताप आला होता तेव्हा दिवसभर घरात माणसं असून मला तहान लागली का हे कुणी विचारलं नाही, ते सांगितलं. आईची इतकी आठवण यायची की मी न्हाणीघरात नळ सोडून तिच्याशी बोलायचे, हेही सांगितलं. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी रडले, नाक ओढलं, पुन्हा बोलले. आणि अण्णांचा हुंकार बरोबर जागच्या जागी येत होता. कुठं लांबट ‘हंऽऽ’, कुठं नुसता ‘हं’. शेवटी मी म्हटलं, “म्हणून मी इथंच राहते. चालेल ना तुम्हाला?”

अण्णा म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’नं माझ्या अंगावरचं केवढं ओझं उतरलं ते मला लिहून सांगता येणार नाही. मी उठून तिळाचं ताट आत ठेवलं, तोंड धुतलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. गल्लीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या मी घरी सुरू केल्या. अण्णांनी पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, काय शहाणा माणूस आहे, एकदा ऐकलं, समजून घेतलं, आता खोदून खोदून विचारत नाही. मी रोज संध्याकाळी बोलत होते. शिकवणीतल्या मुलांच्या नकला, लहानपणच्या आठवणी, पुढं काय करायचं त्याचे बेत, सगळं. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं मी त्या गॅलरीत मोकळं केलं. आजही मला कुणी विचारलं की तुला काय परत हवंय, तर मी त्या संध्याकाळी मागेन.

अण्णा घोरायचे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. “गिरणी चालू झाली,” असं आई म्हणायची आणि कोपरानं ढोसून त्यांना कूस बदलायला लावायची. घोरणारा माणूस सुखानं झोपतो यावर आमच्या सगळ्या नातेवाइकांचा ठाम विश्वास. पाहुण्यारावळ्यांत अण्णांची झोप हा कौतुकाचा विषय होता. आई गेली आणि कूस बदला म्हणणारं कुणी उरलं नाही. अण्णा दिवसाही पेंगू लागले. पेपर वाचता वाचता मान खाली जायची. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत असे झोपले की त्यानं पुढची दोन गिऱ्हाइकं शेजारच्या खुर्चीवर उरकली. आम्ही हसलो. वय झालं, म्हटलं.

मग एका संध्याकाळी मी शिकवणीतली काहीतरी गंमत सांगत होते आणि आत कुकरची शिट्टी झाली. मी वाक्य अर्धवट टाकून गॅस बंद करायला गेले. स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं, “हं.” मी थांबले. थोड्या वेळानं पुन्हा, “हंऽऽ.” माझी खुर्ची रिकामी होती आणि अण्णा तिला हुंकार देत होते. मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. एकाएकी श्वास अडकला, छाती वर आली, मग मोठा आवाज होऊन श्वास सुटला. आणि त्यामागोमाग, “हं.”

मला हसूच यायला हवं होतं. आलं नाही. कुकर, शिट्टी, काही सुचेना. डोक्यात एकच गोष्ट होती, त्या तिळाच्या संध्याकाळी अण्णा जागे होते का?

सरळ विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही. त्याऐवजी मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. “घोरायला कोण डॉक्टर करतं गं माय,” असं म्हणत ते आले. अंगाला वायरी लावून एक तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून समजावलं की याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास थांबतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि माणसाला ते आठवतही नाही. म्हणजे ज्यांच्या झोपेचं आम्ही पाहुण्यांपुढं कौतुक करत होतो, तो माणूस वर्षानुवर्षं धड झोपलाच नव्हता. मला त्यांच्याकडं बघवेना.

“पण हे झोपेत हुंकार कसे देतात?” मी डॉक्टरांना विचारलं.

उत्तर अण्णांनीच दिलं, तेही खुशीत. “ते मी कंपनीच्या बसमधी शिकलो. आमचा सायेब शेजारी बसायचा आन वाळूज येईस्तोवर लई बोलायचा. पाळीचं आंग, डोळं उघडंनात. मंग हं हं करत झोप काढायची. कधी पकडला गेलो नाय बघा.”

डॉक्टर हसले. अण्णाही हसले. मी माझ्या पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

झोपताना नाकावर लावून श्वासाची वाट उघडी ठेवणारं मास्कचं मशीन देण्याआधी क्वालिटी ऑफ लाइफचे प्रश्न विचारायचे होते. म्हणजे आजारानं रोजच्या जगण्याचं किती नुकसान केलंय ते मोजायचं आणि उपचारानंतर तेच प्रश्न विचारून पुन्हा मोजायचं. डॉक्टरांची सहायक, तिशीच्या आतली हसतमुख मुलगी, टॅब घेऊन समोर बसली. “काका, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. जसा त्रास जास्त तसा आकडा मोठा.” मी गणिताची बाई. आयुष्याला मार्क देणारा पेपर पाहून मला आधीच राग आला होता.

“चालत्या गाडीत बसल्यावर झोप लागते?”

“यष्टीत कुणाला लागत नाय?”

“म्हणजे लागते. सकाळी उठल्यावर थकवा?”

“नाय. बरं चाललंय.”

“कामात लक्ष लागायला अडचण? चिडचिड? कंटाळा?”

“देवाच्या दयेनं सगळं बरं चाललंय.”

हे ऐकून माझं डोकं तडकलं. अनोळखी माणसानं ‘कसं काय’ विचारलं की आमच्याकडं ‘बरं चाललंय’ हे एकच उत्तर असतं. शेत वाहून गेलं तरी तेच. परक्या मुलीपुढं आयुष्याचं रडगाणं गायचं म्हणजे आपल्याच घराची नाचक्की. मी मध्ये पडले, “अहो, हे जेवताना ताटावर झोपतात.” ती मुलगी शांतपणे म्हणाली, “ताई, काकांचं उत्तर काकांनाच देऊ द्या.” मी तोंड मिटलं. खरं तर मला चिडायचा काय अधिकार होता? पुण्यात असताना कुणी हेच प्रश्न मला विचारले असते तर मीही ओळीनं शून्यंच सांगितली असती.

“घरच्या माणसांशी तुमचं जे नातं आहे, त्यावर या झोपेचा काही परिणाम झालाय?”

या वेळी अण्णा खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, “व्हय. इथं मोठ्यात मोठा आकडा टाक बाई.”

मुलीनं वर पाहिलं. मला वाटलं, त्यांना माहीत आहे. आपण झोपून राहिलो, मुलीचं ऐकायचं राहून गेलं, हे त्यांना कळलंय.

“ही पोरगी माझ्यापायी अडकून पडलीय,” अण्णा म्हणाले. “दिवाळीला आली ती माझी तब्येत पाहून गेलीच नाय. तिकडं तिचा संसार हाय. जावई लई सज्जन, एका शब्दानं बोलत नाय. पण त्यानं तरी किती दिवस कळ काढायची? हिला जा म्हणायला मला तोंड नाय, कामून की रोजची भाकर तिच्याच हातची खातो. तुमचं मशीन मला नीट करीत आसंल तर करा. मी नीट झालो की ही आपल्या घरी जाईल.”

त्या मुलीनं आकडा टाकला आणि पुढचा प्रश्न विचारला. तो काय होता ते मला आठवत नाही.

म्हणजे त्यांनी एक अक्षरही ऐकलं नव्हतं. सोफा नाही, ताप नाही, न्हाणीघरातला नळ नाही. मी ज्याला शहाणपण समजत होते ती त्यांची लाज होती. ते मला जा म्हणू शकत नव्हते म्हणून गप्प होते आणि मला वाटत होतं की त्यांनी मला राहा म्हटलंय. मला तिथं दवाखान्यातच ओरडून रडावंसं वाटलं. पण बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, “बरोबर दिली ना उत्तरं?” आणि मी म्हटलं, “अगदी बरोबर.”

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण आजारी माणसाला आधी बरं होऊ द्यावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला जागेपणीच्या अण्णांची भीती वाटू लागली होती. हुंकार झोपेतून येऊ शकतो. नकार द्यायला माणूस जागा लागतो.

मास्क त्यांनी कंपनीच्या शिस्तीनं लावला. नाकावर ओरखडे आले, तोंड कोरडं पडलं, पण खाडा केला नाही. रोज सकाळी नळी धुऊन गॅलरीत वाळत घालायचे. आणि हळूहळू माझ्या घरात एक जागा माणूस वावरू लागला. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यावर वाद घालणारा. भाजीवाल्याशी घासाघीस करणारा. शिकवणीच्या मुलांना पाढे विचारून हैराण करणारा. त्यांचा चेहरासुद्धा उजळला. एकदा जिना चढताना ते शीळ घालत होते. ती शीळ मी आई होती तेव्हा ऐकली होती, नंतर नाही. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? पण प्रत्येक बऱ्या दिवसाबरोबर ते माझी पाठवणी जवळ आणत होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सामान साठू लागलं. बिडकीनहून काकांनी पाठवलेली तुरीची डाळ, गहू, शेंगदाणे, काळ्या मसाल्याची बरणी. “ऱ्हाऊ दे तिथं, जाताना न्यायचंय तुला,” अण्णा म्हणत. डाळ आली म्हणजे अण्णांची तब्येत सुधारतेय, असं माझं माप झालं.

गॅलरीत आता तेच बोलायचे. मी हुंकार द्यायचे आणि मनातून मला त्यांचं ते डोळे मिटून ऐकणं हवं असायचं. जे मुळात नव्हतंच, त्याची माणसाला एवढी ओढ लागू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात पुन्हा मोजायला बोलावलं. तेच प्रश्न, तीच मुलगी. या वेळी अण्णांनी उत्तरं खरी दिली, कारण बरं चाललंय हेच खरं होतं. टॅबवर पाहून ती म्हणाली, “काका, खूपच छान फरक आहे.”

“मंग आता मी एकला राहू शकतो ना?”

“राहू शकता की. मशीन सोडायचं नाही फक्त.”

अण्णा माझ्याकडं वळले. “ऐकलंस?”

दवाखान्याच्या रस्त्यावरच ट्रॅव्हल्सची ऑफिसं आहेत. रिक्षा करण्याऐवजी अण्णा तिकडं चालू लागले. “आलोच हाये तर पुण्याचं तिकीट काढून घेऊ. सुट्ट्यांत गर्दी लई आसती.” ऊन मी म्हणत होतं. वाटेत रसवंती दिसली आणि मी म्हटलं, “अण्णा, आधी रस घेऊ.” चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. आम्ही बाकावर बसलो. पेले समोर आले.

“अण्णा,” मी म्हटलं, “तिकीट काढू नका. मी परत जाणार नाहीये.”

त्यांनी उचललेला पेला खाली ठेवला. डोळे टक्क उघडे होते. हुंकार आला नाही. ते माझ्याकडं पाहत राहिले आणि मी सांगत गेले.

पण ते नीट सांगणं झालं नाही. सोफ्याचं सांगितलं, पण ते आता क्षुल्लक वाटलं. तापाचं सांगितलं, ते एका वाक्यात संपलं. रडू आलं नाही. गणित दुसऱ्यांदा फळ्यावर सोडवताना जसं होतं तसं झालं, पायऱ्या सगळ्या बरोबर आणि सोडवणाऱ्याला काही वाटत नाही. न्हाणीघरातल्या नळाशी मी अडखळले. ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. ते एकदाच सांगता येण्यासारखं होतं आणि सांगून झालं होतं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. ताप कधी आला होता आणि तेव्हा फोन का केला नाहीस. मग म्हणाले, “जावई वाईट नाय.”

“नाही.”

“तरी नाय जायचं?”

“नाही.”

“मंग नको जाऊ. घर तुझंच हाय, त्याला काय विचारायचं.” रुमालानं त्यांनी तोंड पुसलं, मग डोळे पुसले. “कधी ठरवलंस हे?”

“संक्रांतीच्या आधी.”

“आन आज सांगायलीस?” त्यांचा आवाज फाटला. “एवढे महिने एकलीच हे घेऊन बसलीस का माय? शेजारी बाप बसलेला आसून? एका माणसाला बोलावं वाटलं नाय तुला?”

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण इतक्या वर्षांनी धड झोपू लागलेल्या माणसाला ते कसं सांगायचं? आणि मी एकटी नव्हतेच. ते सगळे महिने मी एकटी नव्हते. रोज संध्याकाळी मी अण्णांजवळ बसले होते, त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी बरं म्हटलं होतं, आणि त्या आधारावर मी पुन्हा बोलायला शिकले होते. आता ते जागे होऊन माझ्या शेजारी बसले होते, माझा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि मला त्या दुसऱ्या अण्णांची, त्या संध्याकाळी माझ्या जवळ बसलेल्या अण्णांची इतकी आठवण आली की डोळ्यांपुढचं दिसेना.

“नाही अण्णा,” मी म्हटलं. “कुणालाच नाही बोलले.”